गालिचा धुण्याची छोटी कार्यशाळा : काही अनुभव, काही हिशेब

(मंडळाच्या गणेशोत्सवात ‘आपले अनुभव’ या कार्यक्रमात केलेले भाषण)



कार्यवाहांनी मला ‘काहीतरी तांत्रिक पण सर्वांना समजेल असे’ बोलायला सांगितले. मी मिरजेच्या शासकीय तंत्रनिकेतनातून मेकॅनिकलचा डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला माणूस. वीस वर्षे डबे, बोगी, ब्रेक आणि पिटलाइन यांतच गेली. त्यावर बोललो तर निम्मे सभागृह चहाला जाईल. म्हणून आज वेगळा विषय घेतला आहे. गालिचा, सतरंजी, जाजम धुण्याची छोटी कार्यशाळा कशी उभी करावी, हा तो विषय.

सुरुवातीलाच एक खुलासा करतो. ही कार्यशाळा माझी नाही, सौ. आणि तिचा धाकटा भाऊ दोघे मिळून ती चालवतात. रेल्वे सेवा (आचरण) नियम, १९६६ मधल्या नियम १५ प्रमाणे आम्हाला परवानगीशिवाय व्यापार-धंदा करता येत नाही. घरातील कोणी धंदा करत असेल तर कार्यालयाला कळवावे लागते, तसे मी रीतसर लिहून कळवले आहे. घरच्यांच्या धंद्याचा प्रचार करणेही त्याच नियमात बसत नाही. त्यामुळे कार्यशाळेचे नाव, पत्ता, फोन यांतले काहीही मी सांगणार नाही. समोर माझे दोन वरिष्ठ बसले आहेत, तेव्हा कृपया विचारूही नका. मी फक्त विषय सांगणार.

हे सुरू कसे झाले

आमचा मेहुणा इचलकरंजीत कापड प्रोसेसिंगच्या कारखान्यात होता. रंग, धुलाई, वाळवण हे त्याचे काम. कारखान्याचे काम कमी कमी होत गेले आणि एक दिवस त्याची नोकरी गेली. वय अडतीस, दोन मुले शाळेत, घराचा हप्ता चालू. तो बेंगळूरला आमच्याकडे आला तेव्हा सुरक्षारक्षकाची नोकरीसुद्धा पत्करायला तयार होता. मला म्हणाला, “दाजी, काहीही चालेल, पण मला कापडाशिवाय दुसरे काही येत नाही.” त्यावर सौ. म्हणाली, “मग कापडाचेच बघू या.”

आपण मराठी माणसे नोकरीला देव मानतो. धंद्याचे नाव निघाले की आधी भीती वाटते. ती भीती आमच्याही घरात होती. सौ.ने साठवलेले पैसे आणि बँकेचे कर्ज यावर दोन घरांचा भार येणार होता. म्हणून आम्ही ठरवले की उत्साहाच्या भरात काही करायचे नाही. सहा महिने नुसते मोजायचे, विचारायचे, लिहून काढायचे आणि मगच पैसे घालायचे.

बेंगळूर आणि गालिचे

या गावाला गालिचा नवा नाही. शहाजीराजांना १६३८ नंतर बेंगळूरची जहागीर मिळाली हे आपण अभिमानाने सांगतो. त्याच्याही आधीपासून इथल्या पेठांत विणकर आणि रंगारी होते. आपल्यातले भावसार समाजाचे लोक मूळचे रंगारी. त्यांची घरे आजही जुन्या बेंगळुरात आहेत. जुन्या म्हैसूर गॅझेटियरमध्ये बेंगळूरच्या गालिच्यांची नोंद आहे. टिकाऊपणा आणि दोन्ही बाजूंनी सारखीच नक्षी ही त्यांची वैशिष्ट्ये दिली आहेत.

धारवाड जिल्ह्यातल्या नवलगुंदचा जमखाना तर हुबळी-बेळगावकडच्या मंडळींच्या घरी असतोच. त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. तो बायका विणतात, आणि कसब घराबाहेर जाऊ नये म्हणून ते मुलींना न शिकवता सुनांना शिकवण्याची रीत होती, असे सांगतात.

आपल्या देशातल्या तुरुंगांतही एके काळी उत्तम गालिचे होत. आग्र्याच्या तुरुंगात राणी व्हिक्टोरियासाठी विणलेला एक प्रचंड गालिचा इंग्लंडमध्ये विंडसरच्या राजवाड्यात आहे. त्याचे वजन सुमारे दोन टन. १९९२ साली तिथे आग लागली तेव्हा तो गुंडाळून हलवायला ५० सैनिक लागले. गालिचा या वस्तूचे वजन किती असते हे लक्षात यावे म्हणून हे सांगितले. धुताना पहिली अडचण तीच येते.

आज बेंगळुरात हजारो फ्लॅट आहेत आणि बहुतेक घरांत एखादा तरी गालिचा आहे. पण तो घरी धुता येत नाही. बाल्कनीत वाळत नाही, वॉशिंग मशीनमध्ये मावत नाही. मग तो सोफ्याखाली वर्षानुवर्षे धूळ खात पडतो किंवा कचऱ्यात जातो. काम इथेच आहे, हे आमच्या लक्षात आले.

आधी ओळखा, मग भिजवा

गालिचा म्हणजे एकच वस्तू नव्हे. धुणाऱ्याला निदान चार प्रकार ओळखता आले पाहिजेत.

पहिला, हाताने गाठी मारलेला. मागची बाजू पाहिली की एकेक गाठ आणि नक्षी स्वच्छ दिसते. त्याच्या टोकाच्या दशा म्हणजे ताण्याचेच धागे असतात. त्या तुटल्या की गालिचा उसवायला लागतो.

दुसरा, टफ्टेड. यात कापडावर यंत्राने लोकर टोचून मागे लॅटेक्सचा डिंक लावतात आणि त्यावर दुसरे कापड चिकटवतात. त्याची झालर वरून शिवलेली असते. काही वर्षांनी डिंकाची भुकटी होते आणि वास येतो. असा गालिचा हौदात बुडवला की मागचे कापड सुटून हातात येते.

तिसरा, सपाट विणीचा. आपली सतरंजी, जमखाना, दरी या वर्गातल्या. बहुधा सुती, कधी लोकरीच्या.

चौथा, दुकानात ‘आर्ट सिल्क’, ‘बांबू सिल्क’ अशा नावांनी मिळणारा. तो बहुतेक वेळा व्हिस्कोस असतो, रेशीम नसतो. व्हिस्कोस ओले झाले की त्याची ताकद निम्म्यापर्यंत उतरते. घासले तर चमक जाते आणि वाळताना पिवळे डाग पडतात.

ओळखायची सोपी युक्ती म्हणजे एक धागा जाळून पाहणे. लोकर आणि खरे रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो. सूत आणि व्हिस्कोस कागदासारखे जळतात. नायलॉन, पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो.

नंतर रंगाची परीक्षा. पांढरे सुती फडके ओले करून प्रत्येक रंगावर थोडा वेळ दाबून ठेवायचे. फडक्यावर रंग उतरला तर तो गालिचा पाण्यात घालायचा नाही. १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाच्या तरुणाने पहिला कृत्रिम रंग शोधला. पुढच्या काही वर्षांत स्वस्त रंग जगभर पसरले आणि त्यांतले पुष्कळ कच्चे निघाले. त्यामुळे ‘जुना आहे म्हणजे पक्का असेल’ असे गृहीत धरता येत नाही.

आमच्याकडे प्रत्येक गालिच्याला एक कार्ड आहे. माप, जात, रंगाची परीक्षा, आधीचे डाग, फाटलेल्या जागा, सहा फोटो आणि ग्राहकाची सही. ही पद्धत मी डेपोतून नेली. डबा पिटवर आला की आधी दोष लिहायचे आणि मगच हात लावायचा, ही आमची शिस्त. गालिच्यालाही तीच लागू केली.

धुण्याचा क्रम

गालिच्यातली बहुतांश घाण कोरडी असते. माती, वाळू, केस, त्वचेचा कोंडा. ती काढण्याआधी पाणी घातले तर आत चिखल होतो. म्हणून पहिले काम झाडण्याचे. गालिचा जाळीवर पालथा टाकायचा आणि मागून धोपटायचा किंवा कंपन देणारे यंत्र फिरवायचे. आपल्या आज्या सतरंजी गच्चीच्या कठड्यावर टाकून काठीने धोपटत, त्यामागे हेच शास्त्र होते. वाळूच्या कणांना धार असते. पाय पडला की ते कण लोकरीचे धागे मुळातून कापतात. गालिचा झिजायला पायांपेक्षा ही वाळूच जास्त कारणीभूत होते.

दुसरे काम धुण्याचे. लोकर म्हणजे केसच, त्यामुळे जे आपल्या केसांना सोसत नाही ते तिलाही सोसत नाही. धुण्याचा सोडा, कडक पावडर, गरम पाणी हे सर्व वर्ज्य. ब्लीचचे तर नावही नको, कारण त्यात लोकर अक्षरशः विरघळते. पाणी कोमट किंवा थंड, ३० अंशांच्या आत. साबण उदासीन जातीचा. पूर्वी रिठ्याचे पाणी वापरत ते उगीच नव्हे. ब्रश मऊ आणि लोकर ज्या दिशेने झुकली आहे त्याच दिशेने. उष्णता आणि घासणे एकत्र आले की लोकरीचे धागे एकमेकांत अडकून तिचा नमदा होतो आणि तो पुन्हा सुटत नाही.

तिसरे काम विसळण्याचे. साबण राहिला तर चार महिन्यांत गालिचा पूर्वीपेक्षा जास्त मळतो, कारण चिकट धाग्याला धूळ लगेच बसते. लोकरीच्या शेवटच्या पाण्यात थोडे पांढरे व्हिनेगर घातले की साबणाचा अंश निघतो आणि रंगही स्थिर राहतो.

धुण्याची फरशी आम्ही २० फूट बाय १५ फूट केली आहे. उतार ८० फुटांना एक फूट. यापेक्षा कमी केला तर पाणी साचते, जास्त केला तर ओल्या फरशीवर माणूस घसरतो.

पिळणे आणि वाळवणे

सहा बाय नऊ फुटांचा लोकरीचा गालिचा कोरडा असताना १५ ते २० किलो भरतो. ओला झाला की दोन माणसांना उचलत नाही. तो हाताने पिळता येत नाही, म्हणून फिरणारे पिंप लागते. गालिचा गुंडाळून नळकांड्यात घालायचा आणि ते वेगाने फिरवायचे. माझ्या आवडीचा भाग हाच, म्हणून दोन आकडे सांगतो. नळकांड्याची त्रिज्या २० सेंटीमीटर आणि वेग मिनिटाला १००० फेरे धरला, तर आतल्या पाण्यावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २२० पट जोर येतो. म्हणून पाणी बाहेर फेकले जाते. पण हाच जोर उलटाही लागतो. एका बाजूला किलोभर वजन जास्त झाले, तर यंत्राच्या पायाला सुमारे २२० किलोचा फिरता धक्का बसतो, तोही सेकंदाला सोळा-सतरा वेळा. म्हणून गालिचा सारखा गुंडाळणे, काँक्रीटचा वेगळा पाया, खाली रबराचे पॅड आणि झाकण उघडताच वीज बंद होईल असे स्विच, या चार गोष्टींवर मी काटकसर करू दिली नाही. खर्च जास्त झाला, पण तिथे माणूस उभा असतो.

वाळवणे सावलीत. उन्हाने रंग उडतो. गालिचा एक ते दोन दिवसांत पुरता वाळला पाहिजे, नाहीतर बुरशी धरते आणि कुबट वास येतो. बेंगळूरची हवा आपल्याला छान वाटते, पण जून ते ऑक्टोबर ती वाळवणाऱ्याची परीक्षा घेते. लोकर फसवतेही. वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओलावा आत असला तरी ती हाताला कोरडी लागते. म्हणून हात लावून ठरवायचे नाही. धुण्याआधीचे वजन कार्डावर असते, तेवढे परत आले की मगच गुंडाळायचा. वजनकाटा हे आमच्या कार्यशाळेतले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी यंत्र आहे.

पाणी कुठून येते, कुठे जाते

आता खरा प्रश्न. बेंगळूर समुद्रसपाटीपासून ९०० मीटरच्या वर. कावेरीचे पाणी जवळजवळ १०० किलोमीटरवरून तीन टप्प्यांत उपसून, सुमारे ५०० मीटर वर चढवून आपल्या नळाला येते. २०२४ च्या उन्हाळ्यात काय झाले ते आपण सर्वांनी भोगले आहे. त्या मार्चमध्ये पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यावर, बागेला पाणी घालण्यावर बंदी आली आणि ५००० रुपये दंड ठरला. त्याच वर्षी ऑक्टोबरात कावेरीचा पाचवा टप्पा सुरू झाला, ७७५ दशलक्ष लिटरचा. तरीही या शहरात पाणी वापरून धंदा करायचा तर त्याचा जाब आपल्याला देता आला पाहिजे.

पाइपने मिनिटाला १५ लिटर पाणी येते असे धरा. एका गालिच्याला २० मिनिटे पाणी म्हणजे ३०० लिटर. रोज तीन गालिचे म्हणजे ९०० लिटर. एवढे पाणी टँकरने विकत घेऊन धंदा टिकत नाही, आणि शेजाऱ्यांच्या डोळ्यांवरही येते. बोअरचे पाणी बहुधा जड. भारतीय मानकाप्रमाणे पाण्याचा जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला आणि दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालतो. पण जड पाण्यात फेस होत नाही, लोकर राठ होते आणि पांढरा थर राहतो.

यावर उपाय छपरावर सापडला. शेडचे छप्पर १२०० चौरस फूट, म्हणजे सुमारे १११ चौरस मीटर. बेंगळुरात वर्षाला साधारण ९५० ते १००० मिलिमीटर पाऊस पडतो. वाया जाणारे वजा करून वर्षाला ८० हजार लिटरच्या वर पाणी नुसत्या छपरावरून मिळते. ते मृदू असते, लोकरीला उत्तम, आणि रोज ९०० लिटर धरले तर जवळजवळ तीन महिन्यांचे काम त्यावर होते. अर्थात सगळे साठवायला तेवढी टाकी नाही, पण पावसाळ्याचे दिवस तर निघतातच. शिवाय शेवटचे विसळलेले पाणी आम्ही पुढच्या गालिच्याच्या पहिल्या धुण्याला वापरतो.

आता बाहेर जाणारे पाणी. कार्यशाळेच्या मागून एक राजकालुवे जाते. शेड घेतली तेव्हा आजूबाजूच्यांनी मेहुण्याला सल्ला दिला की पाइप सरळ तिकडे सोड, सगळेच सोडतात, कोण बघतो? पैसे संपत आले होते. तीन खणांची निवळणी टाकी बांधायची म्हणजे आणखी खर्च आणि तीन आठवडे उशीर. त्या रात्री आमच्या घरी बराच वेळ बोलणे झाले. राजकालुव्याचे पाणी शेवटी तलावात जाते. बेळंदूर तलावाचा फेस रस्त्यावर आलेला आणि २०१७ व २०१८ साली त्या तलावाला लागलेली आग आपण टीव्हीवर पाहिली आहे. त्या फेसात सांडपाणी आणि साबण हेच होते. मेहुणा म्हणाला, “दाजी, पंचगंगेचे काय झाले ते मी जन्मभर बघितलेय. इथे येऊन तेच करायचे असेल तर वॉचमनची नोकरी बरी.” टाकी बांधली. पहिल्या खणात वाळू आणि लोकर बसते, दुसऱ्यात गाळ, तिसऱ्यातले निवळ पाणी सांडपाण्याच्या गटारात जाते. गाळ दर पंधरा दिवसांनी काढावा लागतो. काम घाणेरडे, पण वेळापत्रक लावून केले की होते.

पैसा आणि कागदपत्रे

तरुण मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. उद्यम नोंदणी मोफत होते, त्यासाठी दलालाला पैसे देऊ नका. सेवेचा धंदा वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर जीएसटीची नोंदणी सक्तीची नाही. मुद्रा योजनेत ‘तरुण’ गटात ५ ते १० लाखांचे कर्ज मिळू शकते. व्यापार परवाना पूर्वी बीबीएमपी देत असे. सप्टेंबर २०२५ पासून शहरात पाच महानगरपालिका झाल्या आहेत, तेव्हा आपली जागा कोणत्या पालिकेत येते ते आधी पाहा. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आणि तीन फेज विजेसाठी बेसकॉमकडे शेड घेण्यापूर्वी चौकशी करा. शेड घेतल्यावर चौकशी केली तर घरमालकाचे दहा महिन्यांचे डिपॉझिट अडकते आणि मीटर येत नाही.

आता नमुन्यादाखल हिशेब. समजा भाडे ३५ हजार, दोन माणसांचे पगार ४० हजार, वीज-पाणी-साबण १५ हजार, गाडी १० हजार आणि कर्जाचा हप्ता १५ हजार. एकूण महिन्याला १ लाख १५ हजार. दर चौरस फुटाला ३० रुपये धरला तर ३,८३३ चौरस फूट धुतले की खर्च निघतो. सहा बाय नऊचे ७१ गालिचे. महिन्याचे २६ दिवस धरले तर रोज जवळजवळ तीन. तीनपर्यंत फक्त खर्च निघतो, मालकाचा पगार चौथ्या गालिच्यापासून सुरू होतो. हे गणित मी भिंतीवर लावून ठेवले आहे, म्हणजे एखाद्या दिवशी गल्ला भरलेला दिसला तरी हुरळून जायला होत नाही.

पहिले पाच महिने रोजचा आकडा दोनच्या पुढे गेला नाही. सौ.ने त्या काळात वही लिहिली, ग्राहकांना फोन केले आणि स्वतः ब्रशही धरला. आठव्या महिन्यात पहिल्यांदा मेहुण्याने गावी घराचा हप्ता स्वतःच्या कमाईतून पाठवला. घरात त्या दिवशी पुरणपोळी झाली.

नाही म्हणायचे धैर्य

एक प्रसंग सांगतो. ऐंशीच्या घरातल्या एक आजी जुना नवलगुंदचा जमखाना घेऊन आल्या. त्यांच्या सासूबाईंचा. नातीचे लग्न ठरले होते आणि त्यावर तिला बसवायचे होते. आजी म्हणाल्या, वाटेल तेवढे पैसे घ्या पण नव्यासारखा करा. मेहुण्याने परीक्षा केली, तर लाल रंग फडक्यावर उतरला. महिनाअखेर होती, भाडे द्यायचे होते. तो म्हणाला, “आजी, हा मी पाण्यात घालणार नाही. घातला तर पांढऱ्या मोरांचे गुलाबी मोर होतील.” आजी रागावल्या. दुसरीकडे जाते म्हणाल्या. त्याने शांतपणे ते फडके त्यांच्या हातात दिले आणि सांगितले की दुसरीकडे गेलात तरी आधी एवढे त्यांना दाखवा.

दोन दिवसांनी आजी परत आल्या. मग आम्ही तो नुसता झाडून, मऊ ब्रशने आणि हवेने स्वच्छ केला, सुटलेल्या दशा सौ.ने हाताने बांधल्या आणि कसर लागली आहे का ते तपासले. नव्यासारखा झाला नाही, पण सासूबाईंचा होता तसाच राहिला. घेतलेले पैसे थोडेच होते. त्या लग्नातून मात्र अकरा घरची कामे आली.

मला वाटते, छोट्या धंद्याचे भांडवल हेच. यंत्र कोणीही विकत घेऊ शकतो. आपली वस्तू या माणसाच्या हातात सुरक्षित आहे असे ग्राहकाला वाटणे, हे कर्ज काढून मिळत नाही.

घरच्या घरी काय करावे

भगिनी मंडळ मला मोकळे सोडणार नाही, म्हणून चार सूचना. गालिच्यावर काही सांडले तर घासू नका, पांढऱ्या सुती फडक्याने दाबून टिपा आणि कडेकडून मध्याकडे या. आठवड्याला एकदा झाडा, महिन्यातून एकदा उलटा करून मागून झाडा. सहा महिन्यांनी फिरवून टाका म्हणजे एकाच जागी झिजणार नाही. ठेवून द्यायचा तर स्वच्छ करून, घडी न घालता गुंडाळून, सुती चादरीत ठेवा. प्लॅस्टिकमध्ये घाम धरतो. कसरीचा संशय असेल तर लहान लोकरी वस्तू पिशवीत बंद करून दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये, उणे १८ अंशांवर ठेवता येते. मोठा गालिचा मात्र जाणकाराकडेच द्या.

आणि रेल्वेतल्या मित्रांसाठी एक. मी हा विषय घेतला म्हटल्यावर तिघांनी विचारले की गाडीतली ब्लँकेटे कधी धुता ते आधी सांग! २०१० पूर्वी दोन-तीन महिन्यांतून एकदा धुण्याची पद्धत होती. आता महिन्यातून निदान एकदा धुतली जातात असे रेल्वेमंत्र्यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये लोकसभेत सांगितले आहे. लोकर आणि पाणी यांचे भांडण किती जुने आहे हे आता आपल्या लक्षात आले असेल.

शेवटी एक सूचना मंडळासाठी. आपण आत्ता ज्या मोठ्या सतरंज्यांवर बसलो आहोत, त्या अनेक उत्सवांच्या साक्षीदार आहेत. आरतीचे तेल, प्रसादाचा शिरा, मुलांचे सरबत सगळे त्यांत आहे. उत्सव संपला की त्या तशाच गोदामात जातात. पुढच्या रविवारी दहा-बारा जणांनी यावे. काठ्या आपल्या, गच्ची मंडळाची. आधी नीट धोपटू, रंगाची परीक्षा करू आणि मग काय करायचे ते ठरवू. यात कोणाचा धंदा नाही, त्यामुळे नियम १५ आड येत नाही! कोणी तरुण मुलगा-मुलगी असा काही उद्योग करू पाहत असेल तर त्याच दिवशी वही-पेन्सिल घेऊन यावे. हिशेब मांडायला मी बसतो. तेवढे काम डिप्लोमावाल्याला नक्की जमते.

 

गणपती बाप्पा मोरया!